बॅट नसलेला बेसबॉलवाला

प्रश्न: काकांनी अमेरिकेतनं आणलेला प्लास्टिकचा बेसबॉल खेळाडू आहे, वीतभर उंच, पाठीवर हार्टलँड असं नाव, बॅट गायब, पांढरा ड्रेस पिवळा पडलाय. थिनरनं पुसू का? काय किंमत येईल?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: थिनर अजिबात नको ओ! विस्कॉन्सिनमधल्या हार्टलँड प्लास्टिक्सनं १९६०च्या आसपास मिकी मँटल, विली मेज, हँक ॲरन, बेब रूथ असे १८ खेळाडू काढले, रंग हातानं दिलेला, आणि प्लास्टिक म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, जे थिनर, ॲसिटोननं विरघळतं. पिवळेपणा वयानं येतोच, म्हणून तर दुधासारखा पांढरा पीस लई महाग. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, बास. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद प्लास्टिक पिशवीत कोंबू नका, दमट हवेत हे ॲसिटेट कुजतं आणि व्हिनेगरसारखा वास मारतं. बॅट नंतर बनवलेली मिळते, पण ती ओरिजिनल म्हणून खपवायची नाही, कलेक्टर लोक लगेच ओळखतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी हेच पुतळे परत काढले होते, ते स्वस्त. किंमत फोटो न बघता कशी सांगू? खेळाडू कोण ते आधी बघा, डिक ग्रोट निघाला तर मात्र भारीच, सगळ्यात दुर्मीळ तोच.