फोल्डर जागेवर आहे, तरी सर्वरला राउट्स सापडत नाहीत: पाथ नक्की कुठून मोजला जातो?

तुमची अडचण मला समजली ती अशी. एक्सप्रेसवर (नोडवरचं, म्हणजे सर्वरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवरचं, वेब फ्रेमवर्क) तुम्ही स्वतः फाइल-आधारित राउटिंग लिहिलं आहे: राउट्स फोल्डरमध्ये ज्या नावाची फाइल, त्याच नावाचा युआरएल. त्या फाइली शोधून नोंदवणाऱ्या तुमच्या कोडला मी पुढे लोडर म्हणते. घरच्या विंडोजवर सगळं सुरळीत चालतं. उबुंटूच्या सर्वरवर सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणारी, चालू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून चढवलं की 'ईएनओईएनटी, स्कॅनडीर /राउट्स' अशी, म्हणजे फोल्डर सापडत नसल्याची, एरर येते. मग कुणाच्या तरी सल्ल्यावरून तुम्ही होमपासूनचा पूर्ण पाथ कोडमध्येच लिहिलात. आता सर्वर उठतो, पण प्रत्येक युआरएलला ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

आधी पहिली एरर. ती पुन्हा सावकाश वाचा, उत्तर तिच्यातच आहे. शोध घेतलाय '/राउट्स'चा, म्हणजे डिस्कच्या मुळाशी. तुमचा प्रोजेक्ट तिथे कधीच नव्हता. तुम्ही पूर्ण पाथ बनवणाऱ्या पाथ डॉट रिझॉल्व्ह या फंक्शनला नुसतं 'राउट्स' दिलंय, आणि ते प्रोसेस ज्या फोल्डरातून सुरू झाली तिथून मोजतं. घरी तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन कमांड देता, म्हणून जमून जातं. सिस्टमडीच्या सिस्टम सर्व्हिसला वर्किंगडिरेक्टरी, म्हणजे कोणत्या फोल्डरातून सुरू व्हायचं ते, सांगितली नाही, तर ती सरळ मूळ स्लॅशवरून सुरू होते. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) होम फोल्डरातून सुरू करतो, पीएम२ला (नोडचे प्रोग्राम चालू ठेवणारं साधन) जिथून स्टार्ट दिलं तिथून. आणि त्याच फाइलमधल्या इम्पोर्टच्या ओळीत डॉट-स्लॅश लिहिलं, तर ते मात्र त्या फाइलपासून मोजलं जातं. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणूनच इतके लोक इथे अडकतात.

वर्किंगडिरेक्टरीची ओळ सर्व्हिस फाइलमध्ये घाला, ती असलेली बरी. पण राउटिंग तिच्या भरवशावर ठेवू नका. राउट्सचा पाथ लोडरच्या फाइलपासूनच बांधा. कॉमनजेएस (रिक्वायरने फाइली जोडायची जुनी पद्धत) असेल तर त्या फाइलचं फोल्डर सांगणारं डीरनेम आहेच. ईएस मॉड्यूल (इम्पोर्टची नवी पद्धत) असेल तर नोड २०.११ पासून इम्पोर्ट डॉट मेटा डॉट डीरनेम मिळतं. त्याहून जुन्या नोडवर इम्पोर्ट डॉट मेटा डॉट युआरएल घेऊन ते फाइल-युआरएल-टू-पाथ या फंक्शनमधून काढा.

इथे एक कळकळीची विनंती. त्या युआरएलचं पाथनेम तसंच उचलून वापरू नका. मी ते केलं होतं आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. माझं सगळं नीट चालत होतं, एका सहकाऱ्याकडे मात्र फोल्डर सापडतच नव्हतं. त्याच्या फोल्डरचं नाव होतं 'नवीन काम'. पाथनेममध्ये मधल्या जागेचं टक्के-वीस होतं आणि देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाचे तीन-तीन टक्के-कोड होतात. 'न'चंच बघा: %ई०%ए४%ए८. असल्या नावाचं फोल्डर डिस्कवर कुठून असणार? आपल्यापैकी बरेच जण फोल्डरांना मराठी नावं देतात, द्यावीतच. पाथ मात्र त्या फंक्शनमधूनच काढावा. विंडोजवर याची उलट बाजूही आहे. सापडलेली फाइल डायनॅमिक इम्पोर्टला देताना 'सी:'ने सुरू होणारा पाथ नोड नाकारतो, 'सी:'ला प्रोटोकॉल समजतो. तिथे पाथ-टू-फाइल-युआरएल वापरा.

आता ४०४. तुम्ही कोडमध्ये पक्का केलेला पाथ एसआरसीच्या (मूळ कोडच्या फोल्डरच्या) आतल्या राउट्सचा आहे. तिथे फक्त टाइपस्क्रिप्टच्या फाइली आहेत, आणि तुमचा लोडर प्रॉडक्शनमध्ये फक्त डॉट जेएस उचलतो. फोल्डर सापडलं, फाइल एकही जुळली नाही, एरर आली नाही, राउट शून्य. म्हणून सगळीकडे ४०४. पाथ लोडरपासून बांधलात की हे आपोआप सुटेल, कारण सर्वरवर चालणारा लोडर डिस्टमध्ये (टाइपस्क्रिप्टपासून तयार झालेल्या जेएस फाइलींच्या फोल्डरात) असतो आणि तो डिस्टमधलेच राउट्स बघेल. तरीही लोडरमध्ये एक तपासणी घालाच: राउट शून्य निघाले तर सर्वर सुरूच होऊ देऊ नका, आणि शोधलेला पूर्ण पाथ लॉगमध्ये लिहा. शांतपणे उठलेला रिकामा सर्वर एररपेक्षा फार वाईट.

बिल्डनंतर डिस्टमध्ये एकदा डोळ्यांनी बघा. राउट्स थेट डिस्टमध्ये आहेत की डिस्टच्या आत पुन्हा एसआरसी तयार झालंय? टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये रूटडीर (मूळ फोल्डर कोणतं ते) सांगितलेलं नसेल आणि कुठेतरी आवृत्तीचा आकडा दाखवायला पॅकेज डॉट जेसन इम्पोर्ट केलं असेल, तर टाइपस्क्रिप्ट दोन्हींचा सामाईक फोल्डर मूळ धरतं आणि सगळी रचना एक पायरी आत सरकते. तसं झालं की सर्व्हिस फाइलमध्ये लिहिलेला सर्वरच्या फाइलचा पाथही चुकतो. एचटीएमएल टेम्प्लेटं राउट्सच्या शेजारी ठेवली असतील तर तीही डिस्टमध्ये जात नाहीत, कंपायलर ती कॉपी करत नाही. बिल्ड स्क्रिप्टमध्ये वेगळी ओळ लागते.

हे झाल्यावर एखादाच राउट ४०४ देत राहिला तर लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोजला 'यूजर्स'चं पहिलं अक्षर कॅपिटल असलं काय नि नसलं काय, सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. एक्सप्लोररमध्ये नाव बदललंत तरी गिटला तो बदल बहुधा दिसलेलाच नसतो. गिट एलएस-फाइल्स चालवून गिटकडे कोणतं नाव आहे ते बघा आणि गिट एमव्हीनेच बदला.

तुमच्या फाइलींच्या यादीत चौकोनी कंसातली आयडी (युआरएलमध्ये त्या जागी काहीही आलं तरी जुळणारी) आणि तिच्या शेजारी न्यू अशी फाइल दिसली. एक्सप्रेस पहिला जुळणारा राउट घेतं. नावांनी क्रम लावलात तर चौकोनी कंस आस्कीमध्ये (अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत) ९१वा आणि लहान इंग्रजी अक्षरं 'ए'पासून, म्हणजे ९७पासून पुढे, म्हणून आयडी आधी येते आणि 'न्यू' हा शब्दच आयडी म्हणून गिळते. डेटाबेसमध्ये 'न्यू' नावाचा ग्राहक शोधला जातो, आणि ती एररही आपल्याला पाथचीच वाटत राहते. नोंदवण्याआधी ठरलेल्या नावांच्या फाइली पुढे, कंसातल्या मागे असा क्रम स्वतः लावा.

बदल केल्यावर सर्व्हिसला हात लावायच्या आधी टर्मिनलमध्ये सीडी स्लॅश करा, म्हणजे डिस्कच्या मुळाशी जा, आणि तिथूनच नोडला डिस्टमधल्या सर्वरच्या फाइलचा पूर्ण पाथ देऊन चालवा. सर्व राउट्सची यादी छापली गेली की मगच सिस्टमडी रीस्टार्ट करा. नाही छापली गेली, तर लॉगमधली शोधलेल्या पाथची ओळ इथे जशीच्या तशी टाका, मी बघते.