सीएमईत केसेस ठेवल्या आणि सगळे गप्प: माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचून माझीच जुनी फजिती आठवली. सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमात, व्याख्यान काढून रुग्णांच्या केसेस चर्चेला ठेवल्या, तर सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आणि जाताना अभिप्रायात ‘यापेक्षा लेक्चर बरं होतं’ असं लिहून गेले, असं तुम्ही म्हणताय. केस कशी निवडायची, गट केवढा ठेवायचा हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

माझी घोडचूक अशी. पहिलीच केस: रक्तातलं पोटॅशियम ६.९, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं, आणि ईसीजीत हृदयावर परिणाम झाल्याच्या खुणा: टोकदार टी-वेव्ह, क्यूआरएस रुंदावलेला. पहिलं औषध कोणतं? मी माइक घेऊन थेट पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सरांसमोर गेलो. ते म्हणाले, इन्सुलिन-ग्लुकोज. मी उत्साहात बोलून गेलो, “नाही सर, आधी कॅल्शियम!” उत्तर बरोबरच होतं. कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदय तेवढ्यापुरतं सावरतं. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन पाठोपाठ द्यावंच लागतं, म्हणजे सरही अगदीच चुकले नव्हते. त्यांनी काही न बोलता माइक परत दिला आणि चष्मा पुसत बसले. पुढचे दोन तास एकही हात वर झाला नाही. चारचौघांत चुकायचं नाही, हे आपल्या पेशात हाडीमाशी भिनलेलं असतं. मी नेमकं तिथेच बोट घातलं.

आता मी कोणालाच नावाने विचारत नाही. आधी प्रत्येकाने गुपचूप उत्तर नोंदवायचं, मोबाइलवर नाहीतर चिठ्ठीवर. कौल लगेच पडद्यावर दाखवायचा नाही, नाहीतर सगळे बहुमताकडे सरकतात. मग दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. ही हार्वर्डच्या एरिक माझूर यांची भौतिकशास्त्राच्या वर्गातली पद्धत. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तरच चर्चा रंगते. नव्वद टक्के आली तर पुढे चला.

अभिप्राय फार मनावर घेऊ नका. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वाटलं, चर्चेच्या तासात आपण कमी शिकलो. चाचणीत मात्र त्यांनाच जास्त गुण. ते विद्यार्थी होते, डॉक्टर नव्हेत, हे मान्य. पण डॉक्टरांच्या बाबतीतही डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या आढाव्यात नुसत्या व्याख्यानांनी प्रॅक्टिस बदलल्याचं दिसलं नव्हतं. माझ्या मते तासाभराचं लेक्चर म्हणजे एसीत बसून काढलेली डुलकी. हे माझं मत, भांडू नका.

जाता जाता, क्रेडिट पॉइंटचं, म्हणजे सीएमईला हजर राहिल्याबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या गुणांचं, आधी बघून ठेवा. आमच्या अर्जातली चर्चेची ४० मिनिटं संबंधित कार्यालयाने चक्क मध्यंतरात धरली. का, तर ‘वक्त्याचं नाव नाही’. चर्चेला वक्ता कुठून आणू? तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. शेवटी त्या रकान्यात माझंच नाव टाकलं, आणि दोन दिवसांत मंजुरी आली. तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतील, तेव्हा लेखी विचारून घ्या.