लंडनच्या ज्यू शाळा: अर्ज, हजेरी आणि डबा

इंग्लंडमधल्या ज्यू शाळांविषयी तिथल्या मराठी वाचकांनी, त्यातही बेने इस्रायल (महाराष्ट्रातले मराठीभाषक ज्यू) कुटुंबांनी, विचारलेले हे प्रश्न. उत्तरं सरकारी अनुदानावरच्या शाळांपुरती आहेत. फी घेणाऱ्या खासगी शाळांची प्रवेशाची पद्धत वेगळी असते.

आम्ही ठाण्याहून हॅरोला आलो. मुलगी पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिलीआधीच्या वर्गाला, जाईल. आजी-आजोबांचा केतुबा (ज्यू विवाहाचा करारनामा) हरवलाय, रब्बींचं (ज्यू धर्मगुरूंचं) पत्रही नाही. ज्यू असल्याचा पुरावा काय द्यायचा?

वंशाचा पुरावा शाळेला द्यावाच लागत नाही. बेने इस्रायलांना ज्यू धरून त्यांची लग्नं लावायची का, यावरून इस्रायलमध्ये वाद पेटला आणि १९६४ मध्ये ‘हे सर्वार्थाने ज्यू आहेत’ असं जाहीर होऊन तो मिटला. ती धास्ती अजून कित्येक घरांत आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

जेएफएस ही १७३२ मध्ये स्थापन झालेली शाळा, आता लंडनच्या केंटन भागात आहे. आईचं धर्मांतर ऑर्थोडॉक्स रीतीने झालेलं नाही म्हणून या शाळेने एका मुलाला प्रवेश नाकारला. ते प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २००९ रोजी निकाल लागला की आईच्या वंशावरून प्रवेश ठरवणं हा वांशिक भेदभाव आहे. तेव्हापासून अनुदानित शाळा धर्माचरण पाहतात. शिवाय प्रवेशाच्या सरकारी नियमावलीनुसार शाळेला आईबापांचा विवाहाचा दाखला मागता येत नाही, मुलाची किंवा पालकांची मुलाखतही घेता येत नाही. सिनॅगॉगचं (ज्यू प्रार्थनामंदिराचं) सभासदत्व घेताना केतुबा विचारला जाऊ शकतो, पण ती बाब निराळी.

तुम्हाला दोन अर्ज भरायचे आहेत. पहिला कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा), ऑनलाइन. प्राथमिकसाठी मुदत १५ जानेवारी. दुसरा शाळेचा पुरवणी अर्ज. तो थेट शाळेकडे जातो आणि त्यासोबत धर्माचरणाचा दाखला जोडायचा असतो. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. पुरवणी अर्ज भरून कौन्सिलचा राहिला, तर तुम्ही अर्ज केलेलाच नाही असं धरतात. उलट झालं तर मूल प्राधान्यक्रमात तळाला जातं, आणि मागणी असलेल्या शाळेत मग जागा उरत नाही.

दाखल्यावर सिनॅगॉगचे रब्बी किंवा अधिकारी सही करतात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहायचं नसतं, म्हणून हजेरीसाठी नावाचं कार्ड पेटीत टाकण्यासारखी पद्धत असते. पहिल्याच दिवशी दारावर विचारून घ्या. मागाहून ‘आम्ही येत होतो’ म्हणून भागत नाही. किती वेळा जायचं, कोणत्या तारखांमधली हजेरी धरायची, हे शाळेच्या त्या वर्षीच्या प्रवेश धोरणात छापलेलं असतं. शेजारणीने सांगितलेला गेल्या वर्षीचा आकडा धरून चालू नका. शक्य तर उन्हाळ्यातच सुरुवात करा. रोश हशाना ते सिमहाथ तोरा हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, तेव्हा तर जाच, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

कौन्सिलच्या यादीत ज्यू शाळा पहिली टाकली तर बाकीच्या शाळा नाराज होतील का?

नाही. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात आणि तुम्ही कोणती कितवी लिहिलीत हे शाळांना दिसत नाही. जिथे जिथे तुमचा नंबर लागतो, त्यांतली तुमच्या यादीतली सर्वांत वरची शाळा मिळते. म्हणून खऱ्या पसंतीनेच क्रम लावा, आणि खाली घराजवळची एक खात्रीची शाळा ठेवा. प्राथमिकचं उत्तर १६ एप्रिलला येतं. माध्यमिकसाठी मुदत ३१ ऑक्टोबर, उत्तर १ मार्च. जागा नाकारली तर अपील करायला निदान २० शालेय दिवस मिळतात. मात्र रिसेप्शन ते दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. त्यामुळे ‘आम्हाला ही शाळा फार आवडते’ एवढ्यावर अपील टिकत नाही. धोरण लावताना शाळेची चूक झाली असेल तर ती नेमकी दाखवा. प्रतीक्षायादीवरही नाव ठेवा, ती ३१ डिसेंबरपर्यंत तरी चालू असते.

शाळा मोफत, मग पैसे कशाचे मागतात?

सरकारी अनुदानात ज्यू धर्मशिक्षणाचा पूर्ण खर्च बसत नाही, म्हणून दर सत्राला ऐच्छिक वर्गणी मागतात. सुरक्षेसाठीही वेगळी रक्कम असू शकते. वर्गणीचा प्रवेशाशी संबंध जोडणं नियमबाह्य आहे. झेपत नसेल तर कार्यालयाला तसं सरळ कळवा. फाटकावर पहारा असतो. पालकांनाही पाळीने उभं राहायला सांगतात, जमेल तेव्हा जरूर जा.

डब्यात काय द्यावं? पोळी-भाजी चालते का?

आधी शाळेचं पत्रक वाचा, कारण नियम सारखे नसतात. बहुतेक ठिकाणी डब्यात मांस चालत नाही. चीज, बिस्किटं, केक यांवर कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे असल्याचा) शिक्का पाहतात; साधं चीज परत येतं, कारण ते घट्ट करायला प्राण्याच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. आपल्याकडे अडचण येते ती शेंगदाण्याची. बऱ्याच शाळांत दाणे आणि तीळ ॲलर्जीमुळे बंद असतात, तेव्हा भाजीतलं कूट, साबुदाण्याची खिचडी, तिळाचा लाडू वगळा. वाढदिवसाला घरचा मलिदा वर्गात वाटायची इच्छा असेल तर आधी विचारा. वाटायचे पदार्थ बहुधा बंद पाकिटातले, शिक्क्याचेच लागतात. रिसेप्शन ते दुसरीला इंग्लंडभर जेवण मोफत आहे, आणि लंडनमध्ये २०२३ पासून प्राथमिकच्या सर्व वर्गांना. तेव्हा सुरुवातीला शाळेचंच जेवण घेतलेलं सोपं पडतं.

मुलगा सातवीत थेट जाणार आहे. प्रार्थना पाठ आहेत, पण हिब्रू वाचता येत नाही.

बेने इस्रायल घरांत हे सर्रास आढळतं. शाळेला आधीच कळवा, नवशिक्यांसाठी वेगळा गट असतो का ते विचारा. अक्षरं २२, त्यांतल्या पाचांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं, आणि स्वर खाली-वर टिंबा-रेघांनी दाखवतात. उन्हाळ्याच्या सुटीत रोज दहा मिनिटं पाठ असलेली प्रार्थनाच बोट ठेवून वाचायला लावा. ओठांवर शब्द तयार असल्याने अक्षर लवकर जुळतं. मुलग्यांना किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी) सक्तीची असते, दोन-तीन घेऊन ठेवा, हरवतातच. कामाच्या वेळाही आतापासून जुळवा: हिवाळ्यात शुक्रवारी शाळा लवकर सुटते, कारण डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो.

आम्ही हिंदू आहोत, जवळची चांगली शाळा ज्यू आहे. अर्ज करावा का?

जागा रिकाम्या असतील तर अनुदानित शाळेला नकार देता येत नाही. बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड या ज्यू शाळेत बरीच मुलं मुसलमान आहेत, जसं मुंबईत माझगावच्या सर एली कदुरी या ज्यू शाळेत आहे. प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणातून मुलाला वगळण्याचा हक्क पालकांना आहे, पण त्या शाळेचा दिवसच त्याभोवती बांधलेला असतो. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा आठवड्यातले किती तास ज्यू अभ्यास आणि हिब्रूला जातात, आणि वगळलेलं मूल तेवढा वेळ कुठे बसतं, हे दोन प्रश्न विचाराच.