वेलदोडा, येलक्की आणि गुजुराती

प्रश्न : माझी आई वेलदोडा म्हणायची, मी वेलची म्हणते आणि आमची भुवनेश्वरची सून म्हणते गुजुराती. परवा आईच्या वहीतल्या श्रीखंडात 'आठ वेलदोडे' वाचून तिनं मोठे काळे वेलदोडे कुटून घातले. ही सगळी एकच वस्तू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सूनबाईंना बोल लावू नका. वेलची आणि वेलदोडा एकच. गोडाच्या कृतीत नुसतं 'वेलदोडा' असेल, तर तो लहान, हिरवा. काळा तो मसाला वेलदोडा. त्याचं झाड वेगळं. सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळकडचं. तो भट्टीच्या धुरावर वाळवतात आणि तो धुराचा वास श्रीखंडातून काही केल्या जात नाही.

ओडिशात लहान वेलचीला गुजुरातीच म्हणतात, पण ती गुजरातेत पिकत नाही. तिचं खरं गाव संस्कृतनं सांगितलंय. 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तिचं एक नाव आहे द्राविडी, म्हणजे दक्षिणेकडची! तमिळमध्ये एलक्काय, मल्याळममध्ये एलक्का, म्हणजे एलाचं फळ. संस्कृतातली एला याच दक्षिणी शब्दावरून आली, असं बरेच भाषाअभ्यासक मानतात. मला ते मनापासून पटतं, कारण पीकच तिथलं, सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या, सावलीच्या रानातलं.

माझं माहेर हावेरीचं. तिथे कानडीत येलक्की म्हणतात, आणि येलक्कीचे हार ही आमच्या गावाची ओळख. माझ्या लग्नातला हार आईनं पितळी डब्यात ठेवला होता. वर्षानं मी डबा उघडला, तर सगळी खोली दरवळली.

एवढं असून मी कितीतरी वर्षं वेलदोडा वेलीवर येतो असंच समजत होते. 'वेल' ऐकलं की दुसरं काय वाटणार? मग कोडगूत, म्हणजे कूर्गला, मळा पाहिला. हे तर आल्या-हळदीचं भावंड! डोक्याहून उंच ताटं, आल्यासारखी लांब पानं. पण फळ वर कुठेच नाही. बुंध्यापासून निघालेले तुरे जमिनीलगत पसरलेले, आणि हिरवे दोडे त्यांना लागलेले. बायका वाकून, पिकायच्या बेताला आलेले तेवढेच एकेक करून खुडत होत्या. सगळे एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडाशी पुन्हा पुन्हा यावं लागतं. तेव्हापासून मी सालंही टाकत नाही, साखरेच्या डब्यात घालते.

आईच्या वहीत 'आठ वेलदोडे'च्या शेजारी सूनबाईंना 'गुजुराती' असं लिहू द्या, त्यांच्याच अक्षरात.