काट्याचं वजन लेबलवर येईना

प्रश्न: आमचं मसाले पॅकिंगचं छोटं युनिट आहे. लेबल प्रिंटर आधी कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला होता, मस्त चालायचा. आता वजनकाट्याला सिरीयल केबलने डायरेक्ट जोडलाय, तर काट्यावर प्रिंट दाबलं की काहीच होत नाही, फीडचं बटण दाबलं की मात्र कोरं लेबल येतं. काटेवाला म्हणतो प्रिंटर बघा, प्रिंटरवाला म्हणतो काटा बघा. — एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर: दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार, हे ठरलेलंच. लेबल प्रिंटरची खोड अशी की जे त्याला कळत नाही ते तो गपचूप गिळून टाकतो, एरर वगैरे काही देत नाही, त्यामुळे केबल चुकलेली असो, सेटिंग चुकलेलं असो की भाषा, तुम्हाला बाहेरून एकच दिसतं, ते म्हणजे काहीच नाही. म्हणून आधी सेटिंग उगाच बदलत बसू नका, प्रिंटर डंप मोडमध्ये टाका. बहुतेक प्रिंटरांत ही सोय असते, बटणं कुठली दाबायची ते मॉडेलप्रमाणे वेगळं, मॅन्युअलमध्ये सापडेल. या मोडमध्ये येईल ते अक्षर न् अक्षर तो जसंच्या तसं छापतो. आता काट्यावरून प्रिंट द्या आणि कागद बघा.

कागद कोराच राहिला तर केबल. मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा, काटा आणि प्रिंटर दोन्ही चालू पण केबल काढलेली. काळी वायर ५ नंबरच्या पिनला (ती ग्राउंड), लाल आधी २ ला मग ३ ला. जिथे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतील ती त्या मशीनची पाठवायची पिन. दोघांचीही एकाच नंबरवर निघाली तर क्रॉस केबल (२ आणि ३ च्या वायरी आत उलटसुलट जोडलेली) पाहिजे, एकाची २ आणि दुसऱ्याची ३ असेल तर साधी सरळ केबल. हे ९ पिनी पोर्टचं झालं, काट्याला गोल किंवा टेलिफोनसारखं सॉकेट असेल तर पिनांचा नकाशा काटेवाल्याकडून घ्याच. आणि हो, नऊच्या नऊ वायरी जोडायचा मोह नको, काही प्रिंटरांत एका पिनवर ५ व्होल्ट बाहेर काढलेले असतात.

कागदावर गिजबिज आली तर केबल बरोबर आहे, दोघांचा वेग किंवा पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) जुळत नाही एवढंच. प्रिंटरचा सेल्फ टेस्ट काढा, त्यावर बॉड रेट (म्हणजे वेग), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट सगळं छापून येतं. बऱ्याचदा ९६००, ८, नन (पॅरिटी नाही), १ असतं. काट्याच्या मेनूत तेच चारही आकडे हवेत, तीन जुळून भागत नाही. प्रिंटरचे बदलायचे असतील तर यूएसबी लावून कंपनीच्या युटिलिटीतून बदला, सेव्ह करा आणि प्रिंटर एकदा बंद-चालू करा, हे शेवटचं लोक हमखास विसरतात.

आणि स्वच्छ वाचता येईल असा मजकूर आला तर वायरिंगला हात लावू नका, भानगड भाषेची आहे. काटा टीएसपीएलमध्ये बोलतोय आणि प्रिंटर झेडपीएल समजतो (दोन्ही लेबल प्रिंटरला हुकूम द्यायच्या भाषा) असं काहीतरी. काट्याच्या मेनूत प्रिंटरचा प्रकार निवडायची सोय असते ती बघा. कधी काटा नुसतं वजनच पाठवतो, लेबलचं डिझाइन नाहीच, तेव्हा साधा काटा उपयोगाचा नाही, लेबल फॉरमॅट साठवणारा लागतो.

प्रश्न: सिरीयलवरून लोगो आणि मराठी नाव असलेलं लेबल यायला फार वेळ लागतो, कधी अर्धंच येतं. मराठी अक्षरं म्हणून पाठवली तर भलतंच छापतं.

उत्तर: प्रिंटरमधल्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसते, म्हणून मराठी नाव चित्र म्हणूनच जातं, आणि चित्र सिरीयलला जड. २०३ डीपीआयला (इंचाला २०३ ठिपके) मिलिमीटरमागे ८ ठिपके, म्हणजे ५० बाय २५ मिमीचं अख्खं लेबल चित्र केलं तर साधारण १०,००० बाइट. ९६०० ला सेकंदाला ९६० बाइट जातात, हिशोब करा, दहा सेकंद गेले. त्यापेक्षा लोगो आणि नावं यूएसबीवरून एकदाच प्रिंटरच्या मेमरीत टाकून ठेवा, नंतर सिरीयलवरून फक्त फाइलचं नाव, वजन आणि किंमत पाठवा. अर्धं येण्याचं कारण बहुतेक हँडशेक: प्रिंटरचा बफर भरला तरी पाठवणारा थांबत नाही. दोन्हीकडे एक्सऑन-एक्सऑफ (थांब-चालूचे कोड डेटाच्याच वायरींतून) ठेवलं तर मजकुराला तीन वायरींवर भागतं, पण चित्राच्या डेटात तेच कंट्रोल कोड येऊ शकतात, त्यामुळे चित्रं पाठवायची तर आरटीएस-सीटीएसच्या (थांब-चालूच्या वेगळ्या) वायरी ओढलेल्या बऱ्या.

प्रश्न: दर लेबलनंतर एक कोरं सुटतं.

उत्तर: डिझाइनमधली लेबलची उंची पट्टीने मोजून घाला, ती रोलपेक्षा जास्त असली की छपाई गॅप (दोन लेबलांमधली मोकळी जागा) ओलांडते आणि पुढचं लेबल वाया जातं. उंची बरोबर असेल तर गॅप सेन्सर कॅलिब्रेट करा, रोल बदलला की तर करायचंच.