व्हॉल्व्ह गाइड घरी बसवावेत का?

हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण, उतरवून ठेवलं की बहुतेकांच्या मनात येतं, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) घरीच ठोकून बसवले तर? या वेळची पत्रं त्यावरच आहेत.

सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर येतो, मग थांबतो. मेकॅनिक म्हणतो, गाइड गेले. (कोथरूड)

असतीलही. पण व्हॉल्व्हचे ऑइल सील (ऑइल आत उतरू न देणारे रबरी भाग) कडक झाले तरी असाच धूर येतो आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. आधी सील बघा. गाइडची झीज डायल गेजवर (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र) मोजता येते. आकडा न सांगता निदान करणारा असेल तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा.

जुन्या टू-स्ट्रोक चेतकचे गाइड मिळतील का? (सदाशिव पेठ)

त्या इंजिनात व्हॉल्व्हच नसतात.

व्हिडिओत हेड ओव्हनमध्ये, गाइड फ्रीझरमध्ये ठेवून हातोडीने बसवतात. नाना पेठेतून गाइड आणलेत. बसवू का? (हडपसर)

नको. व्हिडिओ संपतो तिथे निम्मं काम बाकी असतं. तापवण्याची कल्पना बरोबर आहे, पण ॲल्युमिनियमच्या हेडमधलं १२ मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं तरी जेमतेम ०.०३ मिमीने मोठं होतं. गाइड जरा तिरका शिरला की भोक खरवडतं, मग ओव्हरसाइज (बाहेरून जरा जाड) गाइड शोधत फिरा. गॅसच्या ज्योतीवर तर हेड धरूच नका. एकाच जागी तापून ते वाकतं.

गाइड बसला की आतून आवळतो, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारावा लागतो. आणि मग सीट, म्हणजे हेडमधली व्हॉल्व्ह टेकायची जागा! नव्या गाइडचा मध्य जुन्या सीटशी जुळेल याचा भरवसा नसतो. किंचित फरक राहिला तरी व्हॉल्व्ह एका अंगाला टेकतो, दुसरीकडे फट राहते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. नीट टेकलाच नाही तर त्याची कड जळते. ‘पेस्ट लावून घासलं की भागतं’ हे ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे. नाही भागत! घासून सीटचा पट्टा रुंद होतो, मध्य सरकत नाही. गाइडमध्ये पायलट (कटरचा मध्य धरणारी दांडी) घालून सीट कापावीच लागते, मग निळा रंग लावून पट्टा गोलभर अखंड उमटतो का ते पाहायचं. हेड, गाइड आणि व्हॉल्व्ह एकत्र घेऊन भोसरी-पिंपरीकडच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये जा. गाइड आणि सीट एकाच हातून करून घ्या. ‘सीट कापायची गरज नाही’ म्हणाले, तर हेड परत आणा.

धूर बंद करणारी बाटली ऑइलमध्ये टाकली तर? (चिंचवड)

झिजलेला धातू बाटलीने भरून येत नाही. जाड ऑइलचंही तेच. गाडी विकताना धूर लपवायला हे उपाय वापरतात, म्हणून जुनी गाडी घेतानाही सावध राहा.

जुने व्हॉल्व्ह चालतील? (बिबवेवाडी)

दांडी मायक्रोमीटरने दोन-तीन जागी मोजून मॅन्युअलशी ताडून पाहायला सांगा. झिजली असेल तर नवे घ्या.

दिवाळीनंतर काम काढलं तर चालेल? (वारजे)

धूर रोज येत असेल तर थांबू नका. ऑइल कमी होत राहतं, प्लग काळा पडतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) असेल तर तोही खराब होतो. आज डिपस्टिक बघा, ऑइल कमी असेल तर भरा आणि याच आठवड्यात हेड दाखवून घ्या.