वाचक विचारतात: एल्क बघायचे तर थंडीतच का?

प्रश्न: ताई, जानेवारीत आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत चाललोय. तो म्हणतोय वायोमिंगमधल्या जॅक्सनला जाऊ, तिथल्या नॅशनल एल्क रेफ्यूज नावाच्या अभयारण्यात घोड्यांच्या स्लेजमध्ये (बर्फावरच्या घसरगाडीत) बसून एल्क, म्हणजे तिथली मोठी हरणं, अगदी जवळून बघता येतात. ह्यांचं म्हणणं, एवढ्या थंडीत कुडकुडायला कशाला, उन्हाळ्यात जाऊ की! आणि खरंच जवळ जातात का, की नुसती जाहिरात?

उत्तर: ह्यांना सांगा, उन्हाळ्यात गेलात तर गवत बघून परत याल. एल्क तेव्हा वर डोंगरात असतात, ग्रँड टिटन आणि यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांच्या बाजूला. नोव्हेंबरच्या सुमारास वर बर्फ साचायला लागला की कळपच्या कळप खाली जॅक्सनच्या खोऱ्यात उतरतात आणि एप्रिल-मेमध्ये परत वर. स्लेजही साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच असते, त्यामुळे तुमचा जानेवारी एकदम बरोबर आहे. मार्चअखेर जाऊ नका, तोवर बऱ्याच मोठ्या नरांची शिंगं गळून गेलेली असतात आणि मग ह्यांना बोलायला आयतंच सापडेल.

जवळ जातात का, तर हो, जातात. मी गेले होते तेव्हा एक भलामोठा नर बसून रवंथ करत होता, पाठीवर बर्फाचा थर तसाच, वितळलेला नाही, कारण त्या दाट केसांतून अंगातली ऊब बाहेरच येत नाही. नाकातून वाफ, शिंगांची टोकं घासून पांढरी झालेली, आणि आमची स्लेज शेजारून गेली तर त्याने फक्त एक कान वळवला, बस. थोडं पुढे दोन तरणे नर उगाच शिंगाला शिंग लावून ढकलाढकली करत होते, काठ्या एकमेकींवर आपटल्यासारखा खटखट आवाज. (खरी मारामारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, माजावर असताना. हा नुसता टाईमपास.)

पण ते माणसाळलेत असं समजू नका हं. स्लेज त्यांच्या सवयीची झालीय एवढंच, त्यातून खाली उतरून माणूस पायी चालायला लागला की सगळं चित्र बदलतं, ते उठतात आणि पळतात. हिवाळ्यात त्यांचं सगळं गणित अंगातल्या चरबीवर चालतं, खाणं कमी, थंडी जास्त, त्यामुळे बर्फातून विनाकारण पळायला लागलं तर ते त्यांना फार महागात पडतं. म्हणून जागेवर बसून राहायचं, उभं राहायचं नाही, आरडाओरडा नाही. आणि थर्मल, टोपी, हातमोजे हवेतच, तापमान उणे २० च्याही खाली जाऊ शकतं. मोबाईलची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, माझा फोन नेमका त्या नराच्या समोर बंद पडला.

प्रश्न: एल्क म्हणजे मूसच ना?

उत्तर: नाही हो, मूस हे वेगळं हरीण, घोळ नावाचा आहे. युरोपात मूसलाच एल्क म्हणतात. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिती, ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ अशा अर्थाचा शॉनी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा शब्द, आणि मागून बघितलंत की नाव लगेच पटेल. आपल्या सांबराचा मोठा भाऊ समजा, नर ३०० किलोच्याही वर जातो.

प्रश्न: तिथे म्हणे एल्कना खायला घालतात. मग ते अभयारण्य कसलं, गोठाच की!

उत्तर: टोमणा बरोबर जागी लागलाय. त्या खोऱ्यात शहर आलं, रँच (गुरांचे मोठे मळे) आले, कुंपणं आली, एल्कची हिवाळ्यातली चरायची जागाच गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कडक हिवाळ्यांत ते हजारोंनी उपाशी मेले. लोकांनाच बघवेना, गवत घालायला लागले, आणि १९१२ मध्ये हे रेफ्यूज झालं, आज साधारण २४,७०० एकर. अजूनही बर्फ फार झाला की अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) गोळ्या टाकतात. अडचण अशी की हजारो जनावरं एकाच रांगेत तोंड घालून खायला लागली की रोगाला आयतं आमंत्रण. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा, मेंदू पोखरणारा, औषध नसलेला रोग २०२० च्या डिसेंबरमध्ये शेजारच्या ग्रँड टिटनमध्ये एका एल्कमध्ये सापडला. लाळेतून, मूत्रातून, मातीतूनही पसरतो. म्हणून खायला घालणं कमी करा असं बरेच शास्त्रज्ञ म्हणतात. मला त्यांचं पटतं, पण शंभरेक वर्षांची सवय एका हिवाळ्यात मोडली तर किती मरतील हाही प्रश्न आहेच, आणि तो हिशोब करायला कोणालाच आवडत नाही.

प्रश्न: गळलेलं एखादं शिंग आठवण म्हणून उचललं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही, गुन्हा आहे तो. ती शिंगं तिथले बॉय स्काउट्स गोळा करतात, मे महिन्यात गावच्या चौकात लिलाव होतो आणि त्यातला बराचसा पैसा रेफ्यूजलाच जातो. हौस असेल तर चौकात शिंगांच्याच चार मोठ्या कमानी आहेत, त्याखाली फोटो काढा. आणि हो, रेफ्यूजच्या रस्त्याने गाडी नेलीत तर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या मिठासाठी तुमची गाडी चाटायला येतील, गंमत वाटली तरी चाटू देऊ नका, हळूच पुढे निघा.